उंच छायाचित्रकाराने कमी खर्चात ट्रायपॉड निवडताना

सहा फुटांहून अधिक उंची असलेल्या माणसाने ट्रायपॉड घ्यायला गेल्यावर दुकानदाराला सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा : तिन्ही पायांच्या मधून वर-खाली सरकणारा मधला दांडा पूर्ण खाली असताना हा स्टँड किती उंच होतो? खोक्यावर मोठ्या आकड्यांत छापलेली कमाल उंची बहुतेक वेळा मधला दांडा शेवटपर्यंत वर ओढून, आणि काही कंपन्यांच्या बाबतीत हेड, म्हणजे कॅमेरा बसवायचा वरचा फिरता भाग, धरून मोजलेली असते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे या फरकाने फारसे बिघडत नाही, कारण दांडा वर काढण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. उंच माणसाला मात्र तो प्रत्येक फोटोसाठी वर काढावा लागतो, आणि ज्या स्थिरतेसाठी पैसे मोजले तीच त्याच्या हातून निसटते.

हाताशी पैसे मोजके असतील, तर ते आधी पायांच्या उंचीवर आणि ताठपणावर खर्च करावेत आणि कार्बन फायबर, लहानशी घडी, पिशवी, हेडची सफाई या गोष्टींत काटकसर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हेड पुढे बदलता येते, पिशवी शिवून घेता येते. आखूड पाय मात्र नंतर फारसे वाढवता येत नाहीत. पुढचे विवेचन दहा हजार रुपयांच्या आतले बजेट धरून केले आहे.

स्वतःचा आकडा काढणे

दुकानात जाण्यापूर्वी घरी भिंतीला पाठ लावून, नेहमीचे बूट घालून उभे राहावे आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची कोणाकडून तरी मोजून घ्यावी. डोळे साधारणपणे डोक्याच्या वरच्या टोकापासून ११ ते १२ सेंटिमीटर खाली असतात. या उंचीतून कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) मध्यापर्यंतचे अंतर वजा करावे. बहुतेक कॅमेऱ्यांत ते ८ ते ९ सेंटिमीटर भरते. त्यानंतर हेडची उंची वजा करावी. मध्यम आकाराच्या बॉल हेडसाठी (गोळ्यावर कॅमेरा सर्व दिशांना फिरवणाऱ्या हेडसाठी) १० सेंटिमीटर धरायला हरकत नाही. उरलेला आकडा म्हणजे दांडा खाली असताना आपल्याला हवी असलेली पायांची उंची.

सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे सुमारे १७६ सेंटिमीटरवर येतात. त्यातून ९ आणि १० वजा केल्यास १५७ सेंटिमीटर उरतात. सहा फूट उंचीच्या माणसाला हाच आकडा १५२ येतो आणि सहा फूट चार इंचवाल्याला १६२. मान किंचित झुकवून काम करण्याची तयारी असेल तर यातून पाच-सात सेंटिमीटर कमी करता येतात, पण त्याहून अधिक सवलत स्वतःला देऊ नये. पहाटेपासून तासनतास स्टँडमागे उभे राहणाऱ्याची पाठ त्या सवलतीची किंमत वसूल करते. आपल्याकडे बऱ्याच स्टँडची उंची इंचांत सांगतात. इंचांच्या आकड्याला २.५४ ने गुणले की सेंटिमीटर मिळतात. ‘६० इंची’ म्हणून विकला जाणारा स्टँड १५२ सेंटिमीटरचा असतो, आणि तोही दांडा वर काढून. म्हणजे सहा फुटी माणसाच्या दृष्टीने तो बाद ठरतो.

हा हिशेब सपाट जमिनीचा झाला आणि कोल्हापूरच्या आसपास फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला सपाट जमीन कमीच येते. पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे दिव्यांचे फोटो घेताना दोन पाय एका पायरीवर आणि तिसरा दोन पायऱ्या खाली ठेवावा लागतो, तेव्हा तो खालचा पाय तीस-चाळीस सेंटिमीटरने लांब असावा लागतो. पायाला एवढी जादा लांबी नसेल, तर वरचे दोन पाय आखूड करणे हाच मार्ग उरतो आणि सगळा स्टँड खाली येतो. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीकडून खालच्या खोऱ्याचा किंवा एखाद्या टेकडीच्या उतारावरून गावाचा फोटो घेताना आपण स्वतः उताराच्या वरच्या अंगाला उभे असतो आणि स्टँडचा पुढचा पाय आपल्या पावलांच्या बराच खाली टेकलेला असतो. इथेही हिशेबाने आलेली उंची अपुरी पडते.

याच्या उलट, न्यू पॅलेसच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे किंवा मसाई पठारावर रात्री ताऱ्यांकडे कॅमेरा वर रोखला की त्याची मागची बाजू, म्हणजेच व्ह्यूफाइंडर, खाली झुकते आणि उंच माणसाला आणखी वाकावे लागते. म्हणून हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा दहा सेंटिमीटर अधिक उंची परवडत असेल तर ती अवश्य घ्यावी. जास्त उंचीचा स्टँड कमी उंचीवर अधिकच घट्ट उभा राहतो, त्यामुळे ही लांबी वाया जात नाही.

मधल्या दांड्याविषयी

तीन पायांच्या त्रिकोणावर उभा असलेला भार दांडा वर काढताच एका बारीक नळीच्या टोकावर जातो. एका टोकाला पकडलेली नळी दुसऱ्या टोकाला किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दांडा १० टक्के अधिक वर काढला तर तो सुमारे ३३ टक्के अधिक वाकतो आणि दुप्पट काढला तर आठपट. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा उचलल्याचा धक्का, शटरचे बटण दाबणारे बोट, रंकाळ्यावरून येणारा वारा, यांतले काहीही त्या दांड्याला हलवायला पुरते. दांडा अजिबात वापरू नये असे माझे म्हणणे नाही. त्याच्या लांबीच्या एक तृतीयांशापर्यंत, लहान लेन्स लावून आणि वारा पडलेला असताना, तो निभावून नेतो. पण रोजच्या कामात दांड्यावाचून उंची मिळत नसेल, तर तो स्टँड आपल्या मापाचा नाही असे समजावे.

एक उदाहरण देतो. मॅनफ्रॉटो कंपनीचा ०५५ मालिकेतला तीन खणांचा, म्हणजे प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्या असलेला, ॲल्युमिनियमचा स्टँड अनेक व्यावसायिकांच्या वापरात आहे. दांडा वर काढून त्याची उंची १७० सेंटिमीटर होते, पण दांडा खाली असताना ती १४० सेंटिमीटरच राहते. म्हणजे नावाजलेला, अडीच किलो वजनाचा हा स्टँडही सहा फूट दोन इंचांच्या माणसाला दांड्याशिवाय १७ सेंटिमीटरने कमी पडतो. वस्तू उत्तम आहे. ती सरासरी उंचीच्या माणसासाठी घडवलेली आहे, इतकेच.

पायांची नळी, खण आणि लॉक

पाय जितके लांब तितकी नळी जाड हवी. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास २२ वरून २८ मिलिमीटर केला की तिचा ताठपणा सुमारे दुप्पट होतो. जाहिरातीत सांगितलेला व्यास हा वरच्या, सर्वांत जाड खणाचा असतो. कमजोरी मात्र सर्वांत खालच्या खणात असते. म्हणून खालची नळी स्वतः बोटांत धरून पाहावी. ती पेन्सिलीहून थोडीशीच जाड असेल तर तो स्टँड परत ठेवावा. कमी बजेटमध्ये तीन खणांचे पाय चार-पाच खणांच्या पायांपेक्षा सरस ठरतात, कारण सांधे कमी असतात, खालची नळी त्या मानाने जाड राहते आणि उघड-मीट लवकर होते. घडी केल्यावर असा स्टँड साठ-सत्तर सेंटिमीटरचा राहतो, हा त्याचा दोष. पण तो पाठीवर आडवा बांधून मोटारसायकलवरून जोतिबाला किंवा गगनबावड्याला नेताना अडचण येत नाही. विमानप्रवास करणाऱ्याने लहान घडीचा विचार करावा, इतरांनी त्यासाठी पैसे मोजू नयेत.

कार्बन फायबर हलके असते आणि कंप लवकर जिरवते, हे खरे आहे. मात्र या बजेटमध्ये उंच आणि कार्बन अशा दोन्ही अटी घातल्या, की बारीक नळ्यांचा आणि कच्च्या सांध्यांचा माल पदरी पडण्याची शक्यता वाढते. ॲल्युमिनियम घ्यावे आणि अर्धा-पाऊण किलो जादा वजन वाहावे.

खण जागच्या जागी धरणारे लॉक पट्टीचे (दाबून मिटायचे) असोत वा फिरकीचे (पिळून आवळायचे), दोन्ही चांगले असू शकतात. पट्टीचे लॉक लागले की नाही ते अंधारातही बोटांना कळते, आणि ढिले पडल्यास बहुतेकांचा स्क्रू आवळता येतो. फिरकीचे लॉक झाडाझुडपांत अडकत नाहीत, पण आत माती गेली की करकरतात. जे स्टँड हजार-दीड हजारांत मिळतात, त्यांत तिन्ही पाय मधल्या दांड्याला आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. घरात मोबाइलसाठी ते ठीक आहेत. उतारावर पाय वेगवेगळ्या कोनात पसरता येत नसल्याने बाहेरच्या कामाला ते उपयोगाचे नाहीत. किती किलो वजन पेलते या आकड्यावरही फार विसंबू नये, कारण तो मोजण्याची सर्वांना बंधनकारक अशी एक पद्धत नाही आणि प्रत्येक कंपनी आपल्या रीतीने तो ठरवते. आपल्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या दोन-तीन पट आकडा असावा, हा व्यवहारातला अंदाज.

जुना स्टँड आणि मोजणीचा स्टँड

नव्या मालात उंची आणि ताठपणा दोन्ही परवडत नसतील तर जुन्याकडे वळावे, आणि मला तर हाच मार्ग अधिक पटतो. लग्नसमारंभांचे काम करणारे स्टुडिओ आता गिंबल (चालता-फिरता कॅमेरा स्थिर धरणारे उपकरण) आणि हलके स्टँड वापरू लागले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे जड, मोठे, जुन्या बांधणीचे ॲल्युमिनियमचे स्टँड पडून असतात. ट्रायपॉडमध्ये इलेक्ट्रॉनिक काही नसते. नळ्या सरळ असल्या आणि सांधे धरत असले तर दहा वर्षांपूर्वीचा स्टँडही आजच्याइतकेच काम देतो. प्रत्येक पाय पूर्ण काढून त्यावर हाताने भार द्यावा आणि कोणता खण सरकतो ते पाहावे. मधल्या दांड्याला हलवून त्याच्या बुडाशी खेळ आहे का ते तपासावे, आणि हेड बसवायच्या स्क्रूचे आटे झिजलेले नाहीत याची खात्री करावी. व्हिडिओचा जुना स्टँड मिळाला तर हेड बसवायची वरची वाटी सपाट बैठकीत बदलता येते का, ते आधीच विचारून घ्यावे.

दुसरा पर्याय फोटोच्या दुकानात मिळत नाही. जमीन मोजणारे आणि बांधकामावरचे इंजिनिअर टोटल स्टेशन किंवा लेव्हल ही मोजणीची उपकरणे ज्यावर ठेवतात, तो मोजणीचा स्टँड उंच छायाचित्रकारासाठी फार उपयोगी आहे. त्याला मधला दांडाच नसतो. पाय पूर्ण काढल्यावर तो साधारण १६० ते १७० सेंटिमीटरपर्यंत जातो, पाय दोनच खणांचे व जाडजूड असतात आणि टोकांना मातीत रोवायचे पोलादी खिळे असतात. त्यावर हेड आणि कॅमेरा चढवला की सहा फूट चार इंचांचा माणूसही ताठ उभा राहून काम करू शकतो. वापरलेला स्टँड सर्वेक्षणाची उपकरणे विकणाऱ्यांकडे किंवा काम बंद केलेल्या एखाद्या ठेकेदाराकडे विचारल्यास मिळू शकतो.

त्याच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. ॲल्युमिनियमचा असला तरी तो चार-पाच किलो भरतो, घडी केल्यावर जवळजवळ मीटरभर लांब राहतो, आणि पायांच्या कोनाला अडसर नसल्यामुळे फरशीवर किंवा घाटाच्या गुळगुळीत दगडावर तिन्ही पाय पसरत जाऊन कॅमेरा खाली येण्याचा धोका असतो. अशा जागी तिन्ही पायांना खालून दोरी किंवा साखळी त्रिकोणात बांधल्याशिवाय तो वापरूच नये. गाडी जिथपर्यंत जाते तिथल्या कामासाठी, नदीकाठच्या मातीत, उसाच्या शेताच्या बांधावर तो अतिशय भक्कम उभा राहतो. पठारावर तास-दोन तास चालत जायचे असेल तर तो घरीच ठेवावा.

या स्टँडवर कॅमेऱ्याचे हेड थेट बसत नाही. त्याच्या बैठकीतून वर येणारा बोल्ट ५/८ इंची, इंचाला ११ आट्यांचा असतो आणि हेडला ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा स्क्रू लागतो. मधे जोडणारा तुकडा तयार मिळतो, पण कोल्हापूरकराने त्यासाठी फार शोधाशोध करण्याचे कारण नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारा कोणताही जाणता टर्नर तो करून देईल. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या छायाचित्रकाराने आपल्या हत्याराचे सुटे भाग इथेच करून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. ॲल्युमिनियमची, सुमारे २५ मिलिमीटर जाड आणि स्टँडच्या बैठकीच्या मधल्या भोकापेक्षा व्यासाने बरीच मोठी अशी चकती सांगावी. खालून ५/८ चे आटे पाडून घ्यावेत, वर ३/८ चा स्टड घट्ट बसवून घ्यावा. स्टँड आणि हेड दोन्ही सोबत न्यावेत, म्हणजे माप तोंडी सांगण्यात चूक राहत नाही.

याच कारखान्यात साध्या ट्रायपॉडची उंचीही थोडी वाढवता येते. ज्या स्टँडच्या पायांची रबरी बुडे फिरवून निघतात, त्यांच्या आट्यांचा नमुना देऊन दहा-दहा सेंटिमीटरचे भरीव ॲल्युमिनियमचे तीन तुकडे करून घेतले, की पाय तिरके असल्यामुळे स्टँड सुमारे नऊ सेंटिमीटरने उंच होतो. त्याहून लांब तुकडे लावू नयेत. त्या लहानशा आट्यांवर आडवा ताण येऊन ते निखळतात.

हेड निवडताना

इथे काटकसर करता येते, पण एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तीन दिशांसाठी तीन वेगळे हातदांडे असलेले जुन्या पद्धतीचे हेड बॉल हेडपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच असते आणि बहुधा स्वस्तही. मधल्या दांड्यापासून मिळणाऱ्या उंचीपेक्षा हेडची उंची अधिक भरवशाची, म्हणून इमारती आणि निसर्गदृश्ये टिपणाऱ्या उंच माणसाला हे हेड मी आवर्जून सुचवेन. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात लांब लेन्सने पक्षी टिपणाऱ्याला त्याचे दांडे सोडण्या-आवळण्यात वेळ घालवता येत नाही. त्याने बॉल हेडच घ्यावे. प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, शक्यतो आर्का-स्विस या अनेक कंपन्या वापरतात त्या पद्धतीची असावी. ती हरवल्यास दुसरी सहज मिळते, तर कंपनीच्या खास मापाची प्लेट हरवली की संपूर्ण हेड निकामी होते.

आपल्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा बाहेर काढून वर वळवता येत असेल तर वरच्या हिशेबात बरीच सूट मिळते. छातीच्या उंचीवर कॅमेरा ठेवून पडद्यावर खाली पाहत काम करता येते, आणि मग १३५-१४० सेंटिमीटरचा चांगला, ताठ स्टँड पुरेसा होतो. भर दुपारच्या उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि लांब लेन्सने हलणारे काही टिपताना डोळा व्ह्यूफाइंडरलाच लागतो. पण ज्याचे बहुतेक काम पहाटेचे, संध्याकाळचे आणि स्थिर विषयांचे आहे, त्याने आधी हा विचार करावा आणि मगच उंच स्टँडसाठी पैसे बाजूला काढावेत.

दुकानातली तपासणी

जाताना स्वतःचा कॅमेरा, आपल्याकडची सर्वांत लांब लेन्स आणि मोजपट्टी सोबत असावी. पाय पूर्ण काढावेत, दांडा खाली ठेवावा आणि जमिनीपासून हेडच्या बैठकीपर्यंतची उंची स्वतः मोजावी. बैठक दोन्ही हातांनी धरून दार उघडण्याच्या दिशेने पिळून पाहावी. वरून दाबल्यावर घट्ट वाटणारे अनेक स्टँड या पिळात उघडे पडतात. नंतर कॅमेरा लावून पडद्यावरचे चित्र दहापट मोठे करावे, एका पायावर बोटाने टिचकी मारावी आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. दोन स्टँडची तुलना करण्याची याहून चांगली आणि फुकटची रीत मला माहीत नाही. लेन्समधील कंपविरोधी यंत्रणा या वेळी बंद ठेवावी. ऑनलाइन मागवला असेल तर हीच तपासणी परतीची मुदत संपण्याच्या आत, खोके आणि आवरणे न फेकता करावी.

मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर रबरी बूड चांगले धरते, मऊ मातीत खिळा. दोन्ही सोय असलेले पाय मिळाले तर उत्तम. दांड्याखालचा हूक असल्यास वाऱ्यात त्याला पिशवी अडकवावी, मात्र ती जमिनीला किंचित टेकलेली असावी, नाहीतर लोंबकळणारी पिशवीच स्टँडला हेलकावे देते. संरक्षित स्मारकाच्या आवारात स्टँड उभा करण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. पंचगंगेच्या गाळातून किंवा पावसाळी चिखलातून परतल्यावर पाय त्याच स्थितीत न मिटता आधी साध्या पाण्याने धुवावेत, खण पूर्ण उघडे ठेवून सावलीत रात्रभर वाळवावेत आणि मगच घडी करावी. फिरकीचे लॉक असतील तर ते सोडून आतली रेती पुसून काढावी.